मुख्य अध्यापक कीं मुख्य कारकून ?

बावीस वर्षें गणित शिकविल्यानंतर आम्हांस मुख्याध्यापकाच्या कामाचें शिक्षण घेण्याचा योग आला. 'योग' हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरीत आहों. कारण त्यांत आमच्या इच्छेपेक्षां सेवाज्येष्ठतेच्या यादीचा भाग अधिक होता. आमच्या वरचे दोघे एका वर्षाच्या अंतरानें निवृत्त झाले आणि यादींत आमचें नांव सर्वांच्या वर आलें. संस्थेच्या चिटणिसांनीं बोलावून सांगितलें, "सर, आतां एकादी व्यवस्थापनाची पदविका करून टाका, पुढें कागदोपत्रीं बरें पडतें." त्यांतील 'करून टाका' हे दोन शब्द त्या वेळीं आम्हांस खटकले नाहींत. पुढें वर्षभर जें कांहीं आम्हीं ऐकलें, वाचलें आणि लिहिलें, तें सर्व त्याच दोन शब्दांच्या वृत्तीनें चाललें होतें, हें ध्यानांत येण्यास उशीर लागला.

दर रविवारीं सकाळीं जिल्ह्याच्या ठिकाणीं एका महाविद्यालयांत आम्ही चाळीसएक शिक्षक जमत असूं. बहुतेकांनीं चाळिशी ओलांडलेली. कोणाच्या डोक्यांत मुलीचें लग्न, कोणाच्या डोक्यांत घराचा हप्ता. परंतु बाकावर बसतांच सर्वजण पुन्हां विद्यार्थी होत आणि विद्यार्थ्यांप्रमाणेंच मागच्या बाकासाठीं धडपडत. व्याख्याते पडद्यावर मजकूर उमटवीत आणि तोच मोठ्यानें वाचून दाखवीत. हेन्री फेयॉल नांवाच्या फ्रेंच खाण-इंजिनिअरानें १९१६ सालीं प्रशासनाचीं चौदा तत्त्वें सांगितलीं. तीं आम्हीं पाठ केलीं. लूथर गुलिक ह्या अमेरिकन गृहस्थानें १९३७ सालीं वरिष्ठ अधिकाऱ्याच्या कामाचीं सात अंगें सांगून त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा 'पॉस्डकॉर्ब' असा एक विलक्षण शब्द बनविला. तोहि पाठ केला. नियोजन, संघटन, नोकरभरती, दिग्दर्शन, समन्वय, अहवाल आणि अंदाजपत्रक अशीं तीं सात अंगें. फेयॉलच्या डोळ्यांसमोर खाण होती, गुलिकच्या डोळ्यांसमोर अमेरिकेचें सरकार. तेव्हां त्यांना दोष देण्याचें कारण नाहीं. परंतु ह्या सातांत 'शिकविणें' कोठें बसतें, हा प्रश्न चाळीस शिक्षकांच्या त्या वर्गांत एकासहि सुचला नाहीं, आणि त्या चाळिसांत आम्हीहि होतों.

अभ्यासक्रमाचा उत्तरार्ध कायद्यांचा व दप्तराचा होता. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा अधिनियम, त्याखालील १९८१ ची नियमावली, माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा, बालकांच्या शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा, बिंदुनामावली, कॅशबुक, डेडस्टॉक रजिस्टर. हा भाग उपयोगाचा होता हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. त्याविषयीं पुढें बोलूं. प्रकल्प म्हणून शाळेच्या अभिलेखांचा अभ्यास करावयाचा होता. तो आमच्या शाळेच्या लिपिकानें आम्हांस समजावून दिला. म्हणजे खरें पाहतां पदविका त्याला मिळावयास हवी होती. परीक्षेंत 'आदर्श मुख्याध्यापकाचे गुण सांगा' असा दहा गुणांचा प्रश्न आला. आम्हीं चौदा गुण लिहिले, आणि त्यांपैकीं निदान नऊ आमच्या अंगीं नाहींत हें ठाऊक असतांहि पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झालों.

समारोपास एक निवृत्त अधिकारी पाहुणे म्हणून आले होते. गृहस्थ सज्जन, बोलणें गोड. ते म्हणाले, "मित्रहो, आजपर्यंत तुम्ही शिक्षक होतां, आजपासून तुम्ही प्रशासक आहांत. आतां हातांतला खडू खालीं ठेवा." टाळ्यांचा कडकडाट झाला. आम्हीहि टाळ्या वाजविल्या. परतीच्या एस. टी.त बसल्यावर त्या वाक्याचा अर्थ हळूहळू ध्यानांत येऊं लागला. आणि हा लेख त्या टाळ्यांचें प्रायश्चित्त म्हणून लिहिला जात आहे असें वाचकांनीं समजावें.

'मुख्याध्यापक' ह्या शब्दाची फोड चौथीचा मुलगाहि करूं शकेल. त्यांत 'अध्यापक' हें नाम आहे आणि 'मुख्य' हें त्याचें विशेषण. नाम काढून घेतल्यावर विशेषण कशाला चिकटावें ? इंग्रजी 'हेडमास्तर' शब्दांतहि मास्तर शाबूत आहेच. ही केवळ व्याकरणाची गंमत नव्हे. १८४८ सालीं पुण्यास भिड्यांच्या वाड्यांत निघालेल्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून आपण सावित्रीबाई फुले ह्यांचें नांव आदरानें घेतों. त्यांच्या त्या मुख्यपणांत स्वतः शिकविण्यावांचून दुसरें होतें तरी काय? १८८० सालीं सुरू झालेल्या न्यू इंग्लिश स्कूलचे सुपरिंटेंडेंट वामन शिवराम आपटे शाळेची व्यवस्था पाहत, संस्कृत शिकवीत, पुढें फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले, आणि १८९० सालीं त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश बाहेर पडला. १८९२ सालीं चौतिसाव्या वर्षीं ते वारले. आपट्यांची विद्वत्ता सर्वांच्या अंगीं असावी असें कोणीच म्हणणार नाहीं. परंतु व्यवस्था पाहणाऱ्यानें विद्येशीं संबंध तोडावा, ही कल्पना त्या पिढीस हास्यास्पद वाटली असती, एवढेंच आमचें म्हणणें.

ह्यावर उत्तर ठरलेलें आहे : आपट्यांच्या वेळीं यू-डायस नव्हतें. अगदीं खरें आहे. शालार्थ प्रणालींतून पगार काढण्याचें काम नव्हतें, पोषण आहाराची रोजची नोंद नव्हती, शिष्यवृत्तीचे अर्ज नव्हते, आधारची पडताळणी नव्हती, आणि सकाळीं अकरा वाजतां येऊन दुपारीं दोनपर्यंत माहिती मागणारा व्हॉट्सॲपवरील संदेशहि नव्हता. शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमानें जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका सोडून अन्य अशैक्षणिक कामें शिक्षकांस सांगण्यास मनाई केली आहे; पण माहितीचे तक्ते भरणें हें शैक्षणिक कामच समजलें जात असल्यामुळें त्या कलमाचा ह्या बाबतींत कांहीं उपयोग होत नाहीं. शाळांच्या एकेका केंद्रास शैक्षणिक आधार मिळावा म्हणून केंद्रप्रमुख नेमले गेले. त्यांतील कित्येक भले शिक्षक आज तक्ते गोळा करून वर पोंचविण्यांतच थकून जातात. हा सर्व भार आम्ही नाकारीत नाहीं. आमचा वाद भाराशीं नाहींच. भार आहे म्हणून शिक्षणहि भाराचेंच द्यावें आणि ज्यासाठीं शाळा काढली त्याचें देऊं नये, ह्या न्यायाशीं आहे.

येथें आम्हांस आमच्या एका जुन्या मुख्याध्यापकांविषयीं सांगितलें पाहिजे. कारण त्यांच्याच उदाहरणानें आमचें मत दोन वेळां बदललें.

आम्ही नोकरीस लागलों तेव्हां ते शाळेचे प्रमुख होते. मराठीचे शिक्षक. कविता शिकवूं लागले कीं शेजारच्या वर्गाचा आवाज आपोआप बंद होई. दप्तराचा त्यांना मनस्वी तिटकारा. "रजिस्टरें लिपिक पाहील," असें म्हणून ते सह्या करीत. पुष्कळदां तेंहि करीत नसत. पुढें ते निवृत्त झाले, आणि त्यानंतर तीन-चार वर्षांनीं शाळेचा एक शिपाई सेवेंत असतांच वारला. कुटुंब-निवृत्तिवेतनाचें प्रकरण पाठविलें तें त्रुटी काढून परत आलें : सेवापुस्तकांत सलग सहा वर्षांच्या सेवेची पडताळणी नोंदलेली नव्हती, आणि एका दीर्घ रजेच्या नोंदीखालीं सही नव्हती. ज्यानें सही करावयाची तो निवृत्त, ज्याच्याविषयीं करावयाची तो मृत. त्या बाई दर सोमवारीं शाळेंत येत. कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसत. कोणी कांहीं विचारलें तर उठून उभ्या राहत. जवळजवळ दोन वर्षें त्या अशा येत होत्या. तेव्हांपासून 'दप्तर म्हणजे क्षुद्र काम' असें बोलणाऱ्या विद्वानांचा आम्हांस राग येतो. सेवापुस्तकांतील एक ओळ म्हणजे एका घराची चूल असते. सही न करणारा मनुष्य कितीहि रसिक असला तरी त्या चुलीचा अपराधी आहे. पदविकेच्या उत्तरार्धास आम्हीं उपयोगाचा म्हटलें तें ह्यासाठीं, आणि तो भाग आम्हीं वर्गांतील इतरांपेक्षां अधिक मन लावून शिकलों तोहि ह्यासाठींच.

परंतु त्याच मुख्याध्यापकांनीं आम्हांस शिक्षक केलें, हेंहि तितकेंच खरें. वाचकांपैकीं ज्यांचा शाळेशीं संबंध नाहीं त्यांच्यासाठीं सांगावयास हवें कीं, प्रत्येक माध्यमिक शाळेंत लॉगबुक नांवाची एक वही असते. मुख्याध्यापकानें शिक्षकाचा पाठ पाहावा आणि अभिप्राय त्या वहींत लिहावा, शिक्षकानें खालीं सही करावी, असा तिचा हेतु. शाळेच्या सर्व दप्तरांत शिकविण्याशीं प्रत्यक्ष संबंध असलेली ही एवढीच वही म्हटली तरी चालेल. आमच्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षीं ते एकदां आठवीच्या वर्गांत मागें येऊन बसले. आम्ही अपूर्णांकांचें समीकरण सोडवीत होतों. पाठ उत्तम झाला असें आमचें मत होतें. मुलें पटापट उत्तरें देत होतीं. संध्याकाळीं लॉगबुक सहीसाठीं आलें. त्यांत लिहिलें होतें : "मागील भिंतीजवळच्या तीन मुलांनीं संपूर्ण तासांत वही उघडली नाहीं. आपली दृष्टि त्यांच्याकडे एकदांहि गेली नाहीं. उत्तरें देणारीं मुलें आपल्यावांचूनहि शिकलीं असतीं."

त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. प्रथम संताप आला, मग लाज वाटली. दुसऱ्या दिवशीं ते स्वतःच शिक्षकखोलींत आले, आमच्याजवळ बसले आणि म्हणाले, "त्या तिघांना भागाकार येत नाहीं. समीकरण राहूं द्या. मधल्या सुट्टींत महिनाभर बोलवा; मी पण येतों." ते आले. मराठीचा तो मनुष्य महिनाभर आमच्या शेजारीं बसून मुलांस भागाकार शिकवीत होता, आणि स्वतःहि दोनदां चुकला. त्या तिघांपैकीं एक पुढें दहावींत गणितांत नापास झाला, हेंहि लिहून ठेवतों. नाहींतर ही कथा सुरस होईल.

आतां आम्हीं कामाचा भार घेण्यापूर्वीं गेल्या कांहीं वर्षांचें लॉगबुक चाळून पाहिलें. पानामागून पान एकच मजकूर : "फलकलेखन स्वच्छ. वर्गनियंत्रण चांगलें. शैक्षणिक साधनांचा वापर वाढवावा." शिक्षक निराळे, विषय निराळे, वर्ग निराळे, अभिप्राय एक. एका दिवशीं तर एकाच तासाच्या वेळेंत दोन निरनिराळ्या मजल्यांवरील पाठ पाहिल्याची नोंद आहे. आमच्या स्वतःच्या नांवावर असे अकरा अभिप्राय आहेत आणि त्या अकरांहि खालीं आम्हीं निमूटपणें सही केली आहे. ह्यांत कोणा एका मुख्याध्यापकाचा दोष काढण्याचा आमचा हेतु नाहीं. त्यांना पाठ कसा पाहावा हें कोणीं शिकविलेंच नव्हतें. आणि पदविका घेतलेल्या आम्हांसहि शिकविलें गेलें नाहीं. वर्षभरांत एकदांहि कोणी आम्हांस दुसऱ्याच्या वर्गांत मागच्या बाकावर बसविलें नाहीं, आणि तास संपल्यावर "आतां ह्या शिक्षकाशीं तुम्ही काय बोलाल ?" असें विचारलें नाहीं. बी. एड. होऊं पाहणाऱ्या बाविशीच्या तरुणास सराव पाठ द्यावे लागतात. २०१५ पासून तो अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाल्यावर तर त्यांत कित्येक आठवडे शाळेंत काढण्याची योजना आहे. परंतु चाळीस-पन्नास शिक्षकांवर नेमावयाच्या माणसास मुख्याध्यापकीचा एकहि सराव पाठ नाहीं. १९८१ च्या नियमावलीप्रमाणें पदवी, अध्यापनाची पदवी, पांच वर्षांचा अनुभव आणि समाधानकारक सेवा असलेल्या ज्येष्ठतम शिक्षकास खुर्ची मिळते; वर पदविका असली तर रजिस्टरें कळतात. तो मनुष्य दुसऱ्यास शिकवितांना पाहूं शकतो कीं नाहीं, हें विचारण्याची जागा ह्या संपूर्ण व्यवस्थेंत कोठेंच नाहीं.

कोणी म्हणतील, शिक्षकांनाच पाठ पाहिलेला आवडत नाहीं. आवडत नाहीं हें खरें, पण त्याचें कारण तपासलें पाहिजे. मुख्याध्यापक वर्गांत येतो तो बहुधा पालकाची तक्रार आल्यानंतर. आणि लॉगबुकांतील शेरा पुढें विभागीय चौकशींत पुरावा म्हणून वाचला जाऊं शकतो. म्हणून भला मुख्याध्यापक त्यांत कांहींच खरें लिहीत नाहीं, आणि आकसखोर मुख्याध्यापक नको तें लिहितो. दोन्ही बाजूंनीं शिकविण्याविषयींची खरी गोष्ट वहीबाहेरच राहते. १९६४-६६ च्या कोठारी आयोगानें, ज्याचे सदस्य-सचिव आपल्याच कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक होते, शाळांचें प्रशासकीय निरीक्षण आणि शैक्षणिक मार्गदर्शन हीं कामें वेगळीं करावीं असें सुचविलें होतें. त्यांतील शहाणपण उघड आहे : ज्याच्या हातीं शिक्षा आहे त्याच्यापुढें कोणी आपली अडचण उघडी करीत नाहीं. पण एका शाळेस दोन मुख्याध्यापक नेमतां येत नाहींत. तेव्हां कोणती गोष्ट लिहावयाची, कोणती केवळ बोलावयाची, आणि बोलल्यानंतर मधल्या सुट्टींत स्वतः केव्हां येऊन बसावयाचें, हें एकाच माणसास कळावें लागतें. प्रशिक्षण द्यावयाचें तें ह्याचें. आमचे जुने मुख्याध्यापक बोलण्याची गोष्ट लिहून बसले होते असें आज आम्हांस वाटतें. पण दुसऱ्या दिवशीं ते आले, म्हणून तें निभावलें.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणांत मुख्याध्यापकांनींहि दर वर्षीं ५० तास व्यावसायिक विकासासाठीं द्यावे असें म्हटलें असून त्यांत नेतृत्व व व्यवस्थापन ह्यांच्याबरोबर अध्यापनशास्त्रहि घातलें आहे. कागदावर हें आम्हांस मान्य आहे. परंतु एका खिडकींत प्रशिक्षणाची चित्रफीत चालू ठेवून दुसऱ्या खिडकींत पोषण आहाराची माहिती भरणारे मुख्याध्यापक आम्हीं पाहिले आहेत. त्यांचे ५० तास भरतील यांत संशय नाहीं.

आमचें मागणें फार मोठें नाहीं. भावी मुख्याध्यापकास एका चांगल्या, कामावर असलेल्या मुख्याध्यापकाजवळ एक संपूर्ण महिना ठेवावें. सुट्टींतला नव्हे, शाळा भरलेली असतांनाचा. त्यानें तेथें वीस पाठ पाहावे आणि प्रत्येक पाठानंतर त्या शिक्षकाशीं बोलावें. तें बोलणें मूळ मुख्याध्यापकानें शेजारीं बसून ऐकावें आणि नंतर त्याची हजेरी घ्यावी. दाखल्यासाठीं अडून बसलेल्या रागीट पालकाशीं त्यानें एकदां तरी एकट्यानें बोलावें. शिक्षकसभा चालवावी. आणि त्याच महिन्यांत तीन कर्मचाऱ्यांचीं सेवापुस्तकें पहिल्या पानापासून तपासून त्रुटींची यादी करावी, म्हणजे फेयॉलचीं चौदा तत्त्वें न वाचतांहि प्रशासन म्हणजे काय तें कळेल. हें खर्चाचें काम नाहीं. मात्र त्याची गुणपत्रिका छापतां येणार नाहीं, आणि आम्हांस भय वाटतें तें तेवढ्याचसाठीं.

राहतां राहिला वेळेचा प्रश्न. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणें पहिली ते पांचवीच्या शाळेंत १५० हून अधिक मुलें असल्यावांचून मुख्याध्यापकाचें पदच लागू होत नाहीं. म्हणजे खेड्यापाड्यांतील द्विशिक्षकी शाळेंत जो प्रभारी असतो तो दोन-दोन वर्ग एकत्र बसवून शिकवितो आणि तक्तेहि भरतो. त्याला खडू खालीं ठेवण्याचा उपदेश कोणी करीत नाहीं, कारण त्यानें तो ठेवला तर शाळाच बंद पडेल. शाळा जितकी मोठी, हाताखालीं लिपिक आणि पर्यवेक्षक जितके अधिक, तितका मुख्याध्यापकास शिकविण्यास वेळ कमी, हें त्रैराशिक आम्हां गणिताच्या माणसास तरी सुटत नाहीं.

ह्या जूनपासून आम्ही कामावर रुजू झालों आहों. नववी 'ब' चा गणिताचा दुसरा तास आम्हीं सोडलेला नाहीं. आणि आठवड्यांतून तीन पाठ पाहावयाचे, त्यांविषयीं तूर्त वहींत कांहीं न लिहितां शिक्षकांशीं बोलावयाचें, असें ठरविलें आहे. पहिल्याच पंधरवड्यांत एके दिवशीं आम्ही फळ्यावर असतां लिपिक दारांत येऊन उभा राहिला. वरून फोन होता. कसलीशी माहिती ताबडतोब हवी होती. आम्हीं त्याला घंटा होईपर्यंत थांबावयास सांगितलें. माहिती पंचवीस मिनिटें उशिरां गेली. विलंबाबद्दल खुलासा मागविणारें पत्र काल आलें. तें आवक नोंदवहींत नोंदवून घेतलें आहे, आणि हा लेख टपालांत टाकून झाल्यावर त्याचें उत्तर लिहावयास बसणार आहों.